हक्काचा आवाज

वृषाली मगदूमला रागवायला कारण लागत नाही, असं गेम बनवणाऱ्या कंपन्या म्हणत. ते खरं नव्हतं. कारण लागायचं, आणि कंपन्याच ते वेळच्या वेळी पुरवायच्या.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत बसून ती नवे गेम खेळायची आणि त्यांची चिरफाड करणारे व्हिडिओ टाकायची. चॅनेलचं नाव 'खेळखंडोबा'. सांगली-साताऱ्यापासून नांदेडपर्यंतची पोरं गेमवर पैसे घालवण्याआधी वृषाताई काय म्हणते ते बघत. तिने कौतुक केलं की कंपन्या गप्प असत. टीका केली की सूचना येई: तुमच्या व्हिडिओत आमच्या गेममधली दृश्यं आहेत, त्यांवर आमचा हक्क आहे, व्हिडिओ उतरवला आहे. परीक्षणासाठी थोडा भाग दाखवायची कायद्यात मुभा होती. पण ती मुभा सिद्ध होईपर्यंत गेमचा पहिला आठवडा निघून जाई, आणि खरी विक्री त्याच आठवड्यात होते. वृषालीला हा सगळा धंदा पाठ झाला होता. ती तक्रार करी, भांडे, दृश्यं कापून व्हिडिओ पुन्हा चढवी आणि पुढचा गेम उघडे.

तिच्या व्हिडिओंत अधूनमधून तिचे वडील असत. भूपाल मगदूम, गावाचे आण्णा. ते कुस्ती मैदानांचे निवेदक होते. माळावर, ओढ्याकाठी, डोंगराच्या उतारावर भरलेल्या मैदानात हजारो माणसं बसलेली असत, आणि मातीत कोण कोणाच्या पटात शिरला, कोणाचा घिस्सा सुटला, हे शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही आण्णांच्या आवाजातून दिसे. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. सवड असली की ते लेकीच्या मागे खुर्ची टाकून बसत आणि पडद्यावरच्या राक्षसांच्या मारामारीचं कुस्तीसारखं निवेदन करत. लोकांना ते व्हिडिओ सर्वांत जास्त आवडत.

मग 'वाटाड्या' आला.

अष्टकोन नावाच्या पुण्यातल्या कंपनीने तो बनवला होता, आणि पहिले काही दिवस वृषाली त्याच्या प्रेमातच पडली. आधीच्या गेममध्ये डोंगर-नद्या कोणीतरी चितारून ठेवलेल्या असत. 'वाटाड्या'त तसं काही नव्हतं. तुम्ही पाऊल टाकाल तसा तो मुलूख तुमच्यासमोर तयार होत जाई. दोन खेळाडूंना एकच दरी कधी दिसत नसे. या अनोळखी मुलखात तुमच्यासोबत एक वाटाड्या चाले. तो तुमच्या बोलीत बोले, तुम्ही घाबरलात तर धीर देई, चुकलात तर रागावे. खेळाडूने त्याच्यावर विश्वास ठेवावा म्हणून कंपनीने एक युक्ती केली होती. गेम माइकवाटे घरातले आवाज ऐके आणि त्यांतून वाटाड्याचा आवाज घडवी.

हे कसं होतं ते वृषालीला माहीत होतं, कारण तिने त्यावर एक व्हिडिओही केला होता. माणसाचा आवाज आपल्याला अखंड वाटतो, पण यंत्राच्या लेखी तो काही शे आकडे असतो. घशाची लांबी किती, नाकाच्या पोकळीत आवाज किती घुमतो, शब्द सोडताना श्वास कुठे तुटतो, एखादा स्वर किती लांबतो, असे आकडे. घरातल्या बोलण्याचा थोडा नमुना मिळाला की यंत्र ते आकडे काढतं. एकदा ते हाती आले की त्या आवाजात वाटेल ते बोलवून घेता येतं, त्या माणसाने जन्मात उच्चारलं नसेल तेसुद्धा.

माहीत असणं आणि कानावर पडणं यांत मात्र फरक असतो. एका सकाळी ती गेममधल्या कड्यावर अडकली होती. वाटाड्या म्हणाला, "वाघा, आधी पाय रोव. घाई करशील तर माती खाशील." स्वयंपाकघरातून आईने ओ दिली आणि आण्णांना विचारलं की आंघोळीला पाणी काढू का. आण्णा तेव्हा बाजारात गेले होते.

वृषालीने गेम जागच्या जागी थांबवला. तो आवाज आण्णांचा होता, बोलही त्यांचेच. पैलवान पोरांना ते हेच सांगत.

आपल्या घरात आपलाच आवाज, इथपर्यंत ती कदाचित हसून सोडून देती. पण त्याच आठवड्यात परभणीच्या एका प्रेक्षकाने तिला त्याच्या खेळाचा तुकडा पाठवला आणि विचारलं, की ताई, तुमचे आण्णा या कंपनीत कामाला लागले का. मग सोलापूरहून आला, गोंदियाहून आला, दुबईत राहणाऱ्या एका नर्सकडून आला. सगळ्यांच्या गेममध्ये आण्णाच वाट दाखवत होते. घडलं होतं ते असं, की यंत्र कोणत्या आवाजाचं खेळाडू जास्त ऐकतात याची नोंद ठेवी, आणि जो आवाज चाले तो इतरांनाही देऊन बघे. डोंगरउतारावरच्या गर्दीला धरून ठेवण्यात ज्याची हयात गेली, त्या आवाजापुढे बाकीचे आवाज टिकले नव्हते. कंपनीतल्या कोणी मुद्दाम चोरी केली नव्हती. यंत्राने आपलं काम केलं होतं, आणि ते काय करतंय हे विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती.

वृषालीने सगळं मांडलं. एका बाजूला मैदानातले आण्णा, दुसऱ्या बाजूला गेममधला वाटाड्या, शेवटी शांतपणे एकच प्रश्न: हा माणूस तुमच्याकडे कधी आला होता? व्हिडिओ चढवून ती चहा प्यायला गेली, आणि परत येईपर्यंत तो उतरवलेला होता. तिने गेमचं प्रत्येक दृश्य, प्रत्येक आवाज काढून टाकला. मागे पांढरी भिंत, समोर ती, आणि मध्ये फक्त आण्णांचं एका जुन्या मैदानातलं निवेदन. तोही व्हिडिओ गेला. कारण दिलं होतं: 'वाटाड्या'तील संरक्षित आवाज आढळला. शेवटी तिने आण्णांचा आवाजही काढून नुसतं बोलून परीक्षण केलं; ते टिकलं, पण ऐकवायला पुरावाच नाही म्हणून फारसं पसरलं नाही.

त्यानंतर आण्णांची जुनी मैदानं जायला लागली. लोकांनी वर्षानुवर्षं चित्रण करून चढवलेल्या कुस्त्या, त्यांत आण्णांचा आवाज आहे एवढ्यावरून एकेक करून नाहीशा झाल्या. जे पैलवान आज हयात नाहीत त्यांच्याही.

कारण सरळ होतं. आवाज घडवायला जे आकडे लागतात तेच तो ओळखायलाही चालतात. प्रत्येक खेळाडूचा मुलूख वेगळा, म्हणून चित्राशी चित्र ताडून चोरी पकडणं 'वाटाड्या'च्या बाबतीत शक्य नव्हतं. म्हणून अष्टकोनने आवाजांचे ठसे नोंदवले होते. इंटरनेटवर कुठेही त्या ठशाच्या जवळचा आवाज सापडला की यंत्र आपोआप दावा ठोकत होतं. आधी कोण जन्मलं, आण्णा की वाटाड्या, हे यंत्राला विचारलेलंच नव्हतं. कायद्यातही एक भोक राहिलं होतं. माणसाने सही करून खोटा दावा केला तर तो गुन्हा होता. यंत्राने केला तर ती चूक होती, आणि चुकीला शिक्षा नव्हती.

आण्णांनी सुरुवातीला हे सगळं हसण्यावारी नेलं. आपण मोबाइलात नाही, मातीच्या कडेला उभं राहून बोलतो, तिथून कोण उतरवणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

कासारओढ्याच्या मैदानात त्यांना ते कळलं. मैदान समितीचे अध्यक्ष नाना खोत त्यांचे जुने स्नेही. मैदानाला येतील त्याच्या दसपट माणसं हल्ली घरी बसून थेट प्रक्षेपण बघत, आणि बक्षिसांचा खर्च त्याच्या जाहिरातींतून निघे. मोठ्या कुस्तीची जोड लागली. आण्णांनी माइक हातात घेतला, दोन्ही पैलवानांची घराणी सांगितली, सलामी झाली, आणि घरोघरी आवाज बंद पडला. चित्र चालू होतं. दोन पैलवान मुक्याने झुंजत होते आणि खाली पट्टी फिरत होती की हा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे. फोन यायला लागले. नाना खोत आण्णांच्या जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि माइक मागितला. एक कॉलेजात शिकवणारा तरुण उरलेलं निवेदन करून गेला. आण्णा मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, आणि निकाली कुस्ती झाली तेव्हा त्यांच्या तोंडून नुसता उसासा निघाला, एवढं सोबत आलेल्या वृषालीने बघितलं.

गाडीत ती संतापाने बोलत राहिली. आण्णा एकदाच बोलले. म्हणाले की ते 'मान्य'चं बटण कुणी दाबलं होतं ते जरा सांग.

बटण तिनेच दाबलं होतं. गेम पहिल्यांदा उघडताना जी अटींची लांबलचक पानं येतात, त्यांत लिहिलं होतं की या जागेत बोलल्या जाणाऱ्या सर्व आवाजांवर घडलेली निर्मिती कंपनीची राहील. परीक्षण सर्वांआधी टाकायची घाई होती. तिने वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी दाबलंच असतं, कारण त्याशिवाय गेम सुरू होत नव्हता. आण्णांना ती हे सांगत गेली आणि सांगता सांगता तिला स्वतःचाच राग आला.

पुढच्या महिन्यात तीन मैदानांनी आण्णांना बोलावलं नाही. कोणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी प्रकृतीची चौकशी केली.

मग एके दिवशी आण्णा तिच्या खोलीत आले आणि म्हणाले की आवाज जुळतो किती ते दाखवणारं काही असतं का. असतं. व्हिडिओ करणाऱ्यांसाठीच ती सोय होती. बोललं की काटा हले, आणि ठरावीक रेषेखाली राहिलं की व्हिडिओ सुरक्षित. आण्णांनी ते स्वतःच्या फोनवर घालून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते गच्चीत बसून आवाज बदलायला लागले. गाल आत ओढून बघितले. सुपारी धरून बघितली. नाकातून बोलले, घसा आवळून बोलले. शेवटी त्यांना एक पातळ, चिरका, वरच्या पट्टीतला आवाज सापडला, ज्याला काटा हलत नव्हता. तो पक्का बसावा म्हणून ते घरातही तसंच बोलायला लागले. भाजीवाल्याशी, पाहुण्यांशी, देवळात, सगळीकडे.

एकदा पोळ्या लाटता लाटता आई वृषालीला म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला. आता पाठमोरी असले की वाटतं, घरात कोण परका पुरुष शिरलाय."

त्या आवाजात आण्णांनी एक छोटं मैदान करून बघितलं. प्रक्षेपण बंद पडलं नाही. पण आण्णांचं बोलणं तिसऱ्या रांगेपलीकडे पोचलं नाही, आणि मागे बसलेली माणसं हसली. आण्णांनी मैदान शेवटपर्यंत निभावलं आणि घरी येऊन पुन्हा गच्चीत जाऊन बसले.

वृषालीला हे बघवत नव्हतं. ती त्यांच्यावर ओरडली. म्हणाली की चोराने घरात घुसून दागिने नेले तर आपण गळा झाकून हिंडायचं का. तुम्ही वाकलात तर मी कोणाच्या जोरावर भांडायचं. आण्णा त्या चिरक्या आवाजात म्हणाले की भांडण तुझं हाय, मैदान माझं हाय, आणि मला मैदान पाहिजे.

याच सुमाराला अष्टकोनचा मिहीर सबनीस नावाचा माणूस तिच्याशी बोलला. व्हिडिओ करणाऱ्यांशी संबंध सांभाळणं हे त्याचं काम. तो मऊ बोलणारा, मुद्द्याचा माणूस होता. त्याने सांगितलं की तुमच्या वडिलांना त्यांच्याच आवाजात बोलायचा कायमचा परवाना देता येईल, यंत्र त्यांना पुन्हा कधी अडवणार नाही. फक्त तुम्ही परीक्षण मागे घ्यायचं आणि या विषयावर पुढे बोलायचं नाही. वृषालीने त्याला विचारलं की माणसाला स्वतःच्या घशाचा परवाना देताना तुम्हाला काही वाटत नाही का. सबनीस म्हणाला की त्याला व्यक्तिशः खूप वाईट वाटतं. तिने फोन बंद केला.

घरात ती याबद्दल बोलली नाही. सबनीसने पुढच्या आठवड्यात सरळ आण्णांना फोन केला, तेव्हा त्यांना कळलं.

ते तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आवाज चढवायचा तर तो त्यांच्याकडे उरला नव्हता, म्हणून ते हळूच बोलले.

"त्यांनी मला न विचारता माझा आवाज नेला. तू मला न विचारता त्याचा सौदा मोडलास. मला सांग वृषा, तुझ्यात नि त्यांच्यात काय फरक?"

वृषालीला कंपनीचा जेवढा राग आला होता तेवढाच आता आण्णांचा आला, आणि आण्णांचं बरोबर आहे म्हणून तो आणखीच वाढला. संध्याकाळपर्यंत ती खोलीतून बाहेर आली नाही. आली तेव्हा म्हणाली की पुण्याला मी घेऊन जाते. सही करा. मी परीक्षण काढते.

अष्टकोनची कचेरी बाणेरला होती. सबनीसने त्यांना स्वतः खाली येऊन वर नेलं, आण्णांच्या पाया पडला, चहा मागवला. सगळं तयार होतं. फक्त एक औपचारिकता राहिली होती. परवाना ज्याच्या नावावर होणार त्याचाच तो आवाज आहे, याची यंत्राकडून एकदा खातरजमा. काचेच्या एका लहान खोलीत माइक होता. आण्णांनी कागदावरची चार वाक्यं वाचायची होती.

आण्णांनी वाचली. पडद्यावर लिहून आलं: ठसा जुळत नाही.

सबनीस हसून म्हणाला की सवयीने तुम्ही बदललेल्या आवाजात वाचलंत, आता तुमच्या नेहमीच्या आवाजात वाचा. आण्णांनी घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा वाचलं. आवाज मध्येच फाटला आणि वर गेला. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही पाय फाकवून मैदानात उभे राहत तसे उभे राहिले आणि एका पैलवानाचं नाव पुकारलं. नाव पुरं होईपर्यंत खोकला आला. बाहेर काचेपलीकडे वृषाली बघत होती. गेले कित्येक महिने ज्या स्नायूंना त्यांनी दिवसभर आवळून धरायला शिकवलं होतं, ते आता सुटायला तयार नव्हते. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. घसा शाबूत आहे, पण तो जुनी वाट विसरलाय. येईल, कदाचित येणार नाही.

पडद्यावर पुन्हा तेच आलं.

सबनीसला खरोखरच अवघडल्यासारखं झालं. त्याने कोणाला तरी फोन करून विचारलं आणि परत येऊन सांगितलं की नियमाप्रमाणे ज्याचा आवाज आहे त्यालाच परवाना देता येतो. वृषालीने टेबलावर हात आपटला. म्हणाली की तुम्ही यांच्याच घरातून आवाज नेलात, यांच्याच मैदानांवर बंदी घातलीत, त्या बंदीने यांचा घसा गेला, आणि आता म्हणता हे ते नव्हेत. सबनीस म्हणाला की मी म्हणत नाही, यंत्र म्हणतंय.

आण्णांनी तिला हाताने थांबवलं. त्यांनी सबनीसला विचारलं, "मग हा मी आत्ता बोलतोय, तो कुणाचा?"

"तो अर्थातच तुमचाच, काका. त्यावर आमचा काही हक्क नाही."

"बरं," आण्णा म्हणाले, आणि टोपी घालून उठले.

खंबाटकीचा घाट ओलांडून गाडी साताऱ्याकडे लागली. वृषालीच्या डोक्यात सबनीसचं शेवटचं वाक्य फिरत होतं. साताऱ्याच्या अलीकडे तिने गाडी बाजूला घेतली. तिला जे करायचं होतं ते तिच्या डोक्यात पूर्ण तयार होतं, आणि यापूर्वीची वृषाली घरी पोचून ते करून मोकळी झाली असती. तिने गाडी बंद केली.

"आण्णा, तुमचा हा आवाज मी वापरू का? तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला. परीक्षणही काढते, शब्द दिलाय तसा."

ट्रकच्या आवाजात आपलं ऐकू जाणार नाही म्हणून आण्णांनी काच वर घेतली. मग म्हणाले की वापर, पण बोलणार मी. तू बोलायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतल्या खुर्चीत आण्णा बसले. मागे भिंत. गेमचं एक दृश्य नाही, मैदानाचा एक तुकडा नाही, संगीत नाही. वृषाली कॅमेऱ्यामागे उभी राहिली. आण्णा त्या पातळ, चिरक्या, मध्येच तुटणाऱ्या आवाजात बोलायला लागले.

"मी भूपाल मगदूम. तुम्हाला माझा आवाज ओळखू येणार न्हाई, मलाबी येत न्हाई. माझा आवाज ज्यानं नेला त्यानं तो तुमच्या घरात चालवलाय. तुमची पोरं त्याचं ऐकत्यात. मी बोललो तर मला बंदी. म्हणून मी हा आवाज केला. आता कंपनी म्हणते, तू तो न्हवंस. कुस्तीत दुसऱ्याचं बोट पिरगाळून पाडलं तर पंच शिट्टी मारतो. हितं पंचबी त्यांचा, शिट्टीबी त्यांची. आणि शिट्टी मारणारा माणूस कुठं हाय म्हणून बघाय गेलो, तर माणूसच न्हाई."

ते असेच बोलत गेले. कासारओढ्याचं सांगितलं, गच्चीचं सांगितलं, बायको घरात दचकते ते सांगितलं. पुण्याच्या काचेच्या खोलीत काय झालं ते सांगताना त्यांचा आवाज दोनदा पूर्ण गेला. वृषालीने तो भाग कापला नाही.

व्हिडिओ चढला. तिने उतरायची वाट बघितली. तास गेला, दिवस गेला. ओळखायच्या यंत्राने तो शेवटपर्यंत ऐकला होता आणि त्याला त्यात कंपनीचं काहीही सापडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी 'वाटाड्या' खेळणारा क्वचितच कोणी उरला असेल ज्याने तो बघितला नव्हता. लोक गेम उघडत, आण्णा वाट दाखवायला पुढे होत, आणि लोक गेम बंद करत.

सबनीसचा फोन आला. या वेळी तो तेवढा मऊ नव्हता. व्हिडिओने कंपनीची बदनामी होते आहे, तोंडी ठरलेला करार तुम्ही मोडला आहे, तो ताबडतोब काढावा. वृषालीला वाटलं होतं की आपण ओरडू. ती अगदी थंडपणे बोलली.

"तुमच्या यंत्राला तो सापडत नाही. म्हणजे आता माणसाला दावा करावा लागेल. खाली सही करावी लागेल, की हा आवाज आमचा आहे. तुम्ही करा सही, मिहीर. मी आत्ता काढते."

सबनीसने फोन बंद केला. सही करायला अष्टकोनमधून कोणीच पुढे आलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

मग बाकीचे पुढे आले. लातूरच्या बसस्थानकावर गाड्या पुकारणारी एक बाई, जिच्या आवाजात अष्टकोनच्याच दुसऱ्या एका गेममधली राणी बोलत होती. मालेगावचा एक शायर, ज्याचे मुशायरे गायब झाले होते. पोरांना पाढे शिकवणारे एक निवृत्त गुरुजी. सगळ्यांनी मिळून उच्च न्यायालयात धाव घेतली. पहिल्याच सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं की यंत्राच्या दाव्याची जबाबदारी कंपनीतला कोण घेतो, तेवढं नाव द्या. कंपनीने मुदत मागितली. मुदत संपायच्या आधी अष्टकोनने निवेदन काढलं, की समाजाच्या भावनांचा आदर राखून, सदिच्छेपोटी, आणि कोणतीही चूक मान्य न करता, नोंदवलेले सर्व ठसे मागे घेण्यात येत आहेत. वृषालीने ते निवेदन दोनदा वाचलं. 'सदिच्छा' या शब्दावर तिने लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की आईने आतून विचारलं, काय फुटलं.

जुनी मैदानं एका सकाळी सगळीच्या सगळी परत आली. आईने फोनवर त्यांतलं एक लावलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. घरभर तो आवाज भरला. आण्णा दाढी करत होते, ते अर्ध्या फेसाने आत आले आणि उभ्याने पूर्ण कुस्ती ऐकली. एका जागी त्यांचे ओठ हलले, बरोबर बोलू बघत होते. मग त्यांनी हात लांब करून फोन बंद केला.

"लई जोरात बोलायचा हा," ते म्हणाले, आणि दाढी पुरी करायला गेले.

त्याच दुपारी वृषालीला सबनीसचा निरोप आला. भाषा पुन्हा मऊ झाली होती. तुमच्या वडिलांचा आवाज त्यांना परत मिळालेला आहे, तेव्हा प्रकरण मिटलं अशी एक ओळ आपल्या व्हिडिओखाली टाकलीत तर सर्वांनाच बरं होईल, असं त्यात लिहिलं होतं.

ती खिडकीशी गेली. खाली फाटकात आण्णा भाजीवाल्याशी बोलत होते. भाजीवाला कान पुढे करून पुन्हा पुन्हा विचारत होता, काय म्हणालात आण्णा, आणि आण्णा दर वेळी तेच पुन्हा सांगत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगायचं सोडलं आणि बोटाने मेथीची जुडी दाखवली.

वृषाली परत खुर्चीत येऊन बसली आणि तिने उत्तर लिहिलं: आवाज अजून आलेला नाही. आला की कळवते.